एका डोळ्याचे ९४ तास

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता इतकं सरावाचं झालंय की गावाकडे त्याला कुणी ऑपरेशन म्हणतही नाही. ‘डोळा करून घेतला’ म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, दुसऱ्या दिवशी घर. लाखो माणसांच्या बाबतीत ते तसंच होतं आणि पुन्हा दिसू लागल्याचा आनंद घरभर पसरतो. दर दहा हजार डोळ्यांमागे मोजक्या काही डोळ्यांत मात्र ऑपरेशनच्या वाटेने जंतू आत शिरतात आणि डोळ्याच्या पोकळीत सूज, पू आणि नाश सुरू होतो. डॉक्टर त्याला एंडोफ्थाल्मायटिस म्हणतात.

खालचा घटनाक्रम अशा एका डोळ्याचा आहे. त्यातल्या आजी, त्यांचं माणदेशातलं घर, दवाखाने आणि डॉक्टर प्रातिनिधिक आहेत. अशा रुग्णांच्या वाट्याला जे तास येतात, ते जुळवून हा क्रम लावला आहे. रोगाची चाल, तपासण्या, औषधं आणि अभ्यासांतले आकडे मात्र खरे आहेत. शून्य तास म्हणजे टॉर्चचा झोत थेट डोळ्यावर टाकूनही तो पेटलाय की विझलाय, हे कळत नाही ती वेळ.

९४ तास आधी: सोमवार, सकाळी ११

धर्मादाय रुग्णालयाचं शिबिर. त्या दिवशीच्या यादीत बारा जण, आजी सातव्या. उजवा डोळा. भुलीचं इंजेक्शन झालं की पापण्या आणि भोवतालची कातडी पोव्हिडोन-आयोडिनने पुसतात. त्याचंच ५ टक्क्यांचं द्रावण डोळ्यातही सोडतात आणि काही मिनिटं राहू देतात. हे तांबूस थेंब स्वस्त आहेत, पण ऑपरेशनच्या खोलीतलं त्यांचं मोल फार मोठं आहे. असा संसर्ग करणारे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापण्यांच्या कडेला मुक्कामाला असतात, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं, आणि त्याच वर्षी या थेंबांनी संसर्ग कमी होतो हेही.

आपल्या देशाने या लढाईत आणखी एक गोष्ट दिली आहे. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांनी ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत मोक्सिफ्लोक्सॅसिन हे प्रतिजैविक सोडण्याचा परिणाम सहा लाखांहून अधिक ऑपरेशनांमध्ये तपासला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संसर्गाचं प्रमाण दहा हजारांमागे सातवरून दोनवर आलेलं दिसतं. जगभरच्या नेत्रतज्ज्ञांनी या आकड्यांची दखल घेतली.

आजींना थेंबही मिळाले आणि मोक्सिफ्लोक्सॅसिनही. भिंग नीट बसलं, टाका लागला नाही, पट्टी बांधली. सर्जनच्या हातून काही चुकलं नाही. पण दहा हजारांतले ते दोन डोळे शिल्लक राहतातच. त्यात डोळा धुवायच्या द्रावणातच मोक्सिफ्लोक्सॅसिनला न जुमानणारे जंतू असले, तर एकाच यादीतल्या अनेकांवर पाळी येऊ शकते.

७२ तास आधी: मंगळवार, सकाळी ९

पट्टी सोडली. आजींनी तक्त्यावरची अक्षरं ६/१८ पर्यंत वाचली. पहिल्या दिवसाच्या मानाने उत्तम. स्लिट लॅम्पखाली डॉक्टरांना बुबुळाच्या पारदर्शक काचेमागच्या पाण्यात बारीक कण तरंगताना दिसले, कवडशात धूळ दिसते तसे. हे कण म्हणजे सुजेतून आलेल्या पेशी. डोळा उघडून आत हात घातला की त्याला राग येतोच. एवढी सूज प्रत्येक ऑपरेशननंतर असते आणि प्रेडनिसोलोनच्या थेंबांनी ती रोज थोडी उतरत जाते.

इथेच पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. नाश करणारी सूजही पहिल्या काही तासांत अशीच दिसते. एका तपासणीत दोघींमधला फरक कळेलच असं नाही. तो कळतो दिशेवरून: रोज उतरतेय की चढतेय.

घरी सोडताना परिचारिकेने सगळं सांगितलं. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, खाली वाकायचं नाही, थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवायचे, दिवसातून सहा वेळा घालायचे. कार्डाच्या तळाला एक ओळ छापलेली होती: दुखणं वाढल्यास किंवा नजर कमी झाल्यास त्वरित संपर्क साधा. ती कुणी वाचून दाखवली नाही. माझ्या मते सगळ्या सूचनांत हीच पहिली यायला हवी. ती तोंडी सांगायला हवी, आणि रुग्णाबरोबरच घरी जे माणूस थेंब घालणार आहे त्याला सांगायला हवी. पाणी लागू देऊ नका हे सांगायला आपण विसरत नाही. फोन कधी करायचा हे मात्र सांगायचं राहतं.

६२ तास आधी: मंगळवार, संध्याकाळी ७

घरी सुनेने थेंब घातले. आजींनी डावा डोळा तळव्याने झाकला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं. तारखेचे मोठे आकडे वाचले. खालचं बारीक अजून नाही, पण आकडे स्पष्ट. मुलगा गलाईच्या धंद्यात, तमिळनाडूत. त्याला व्हिडिओ कॉल लावून आजींनी तो आकडा पुन्हा वाचून दाखवला.

या घराने नकळत एक उत्तम तपासणी केली होती: एक डोळा झाकायचा आणि रोज ठरावीक जागेवरून एकाच वस्तूकडे बघायचं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो आणि नजर गेल्याचं ध्यानातच येत नाही.

५४ तास आधी: बुधवार, पहाटे ३

आजींना ठणक्याने जाग आली. कपाळापर्यंत कळ जात होती. दिवसभर राबून सून झोपलेली, नातीची सकाळी शाळा. त्यांनी कुणाला उठवलं नाही. कुशीवर वळून पडून राहिल्या.

डोळ्याच्या मागच्या पोकळीत सुमारे ४ मिलिलिटर पारदर्शक, जेलीसारखा द्रव असतो. जवळजवळ सगळं पाणीच. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणूनच प्रकाश आरपार जातो. आणि म्हणूनच शरीराच्या संरक्षक पेशी तिथे उशिरा पोहोचतात. जंतूंसाठी ही उबदार, निर्धोक जागा. प्रयोगशाळेत चांगलं खाद्य मिळालं तर काही जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. अर्ध्या तासाचा हिशोब धरला तरी एकाचे दहा तासांत दहा लाखांवर जातात. डोळ्यातली वाढ इतकी सरळ नसते, पण एक रात्र म्हणजे किती, हे त्यावरून समजतं.

त्यात दुहेरी मार बसतो. जंतूंची विषं डोळ्याच्या मागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला जाळतात, आणि उशिरा आलेल्या पांढऱ्या पेशी जंतू मारताना जी रसायनं सोडतात, तीही त्याच पडद्यावर पडतात. या पडद्याच्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. जंतू मेले तरी गेलेला पडदा परत येत नाही. सगळी घाई याच एका कारणाने.

४८ तास आधी: बुधवार, सकाळी ९

“आत्या, डोळा लई लाल झालाय.”

“ऑपरेशन झालंय न्हवं, दुखणारच की.”

शेजारच्या दोघी येऊन गेल्या. दोघींनी डोळे करून घेतलेले, आणि दोघींनाही दुखलं होतं. त्यांचं म्हणणं खरं होतं. पहिल्या दिवशी खुपणं, पाणी गळणं, उजेड सहन न होणं हे नेहमीचंच. पण मंगळवारी आजींना काहीच दुखत नव्हतं आणि बुधवारी ठणकत होतं, ही गोष्ट त्या बोलण्यात आली नाही. ऑपरेशननंतरचं साधं दुखणं पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग उतरतं. थांबलेलं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नव्याने सुरू झालं, तर ते ऑपरेशनचं नव्हे.

आणि दुखत नसेल तर निर्धास्त राहावं का? तेही नाही. एंडोफ्थाल्मायटिसवरचा आजवरचा सर्वांत मोठा उपचार-अभ्यास अमेरिकेत ४२० रुग्णांवर झाला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना वेदना नव्हती. नजर अंधूक झाल्याची तक्रार मात्र शंभरातल्या चौऱ्याण्णवांनी केली होती. ‘दुखतंय का?’ या प्रश्नापेक्षा ‘कालच्यापेक्षा आज कमी दिसतंय का?’ हा प्रश्न कितीतरी जास्त सांगून जातो.

घरातली एक वेदनाशामक गोळी देऊन झाली.

४४ तास आधी: बुधवार, दुपारी १

शाळेतून आलेल्या नातीने विचारलं, “आजी, आज तारीख वाचलीस का?” आजींनी डावा डोळा झाकला. कॅलेंडर कुठे आहे हे कळत होतं, आकडे नव्हते. “धुकं पडल्यागत दिसतंय,” त्या म्हणाल्या.

रोगाचं निदान खरं तर या वाक्यातच झालं होतं. डॉक्टर नावाचं माणूस आसपास नव्हतं, एवढंच.

सून स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये गेली. डोळा लाल, पाणी येतंय, चिकटतोय, असं तिने सांगितलं. ऑपरेशनचं बोलणं निघालंच नाही. मेडिकलवाल्याने डोळे आल्यावर देतात ते थेंब दिले. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती. लाल डोळा म्हटला की तेव्हापासून पहिलं नाव तेच आठवतं. डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, खाज येते, लाली पापणीच्या बाजूला जास्त असते. पण चिपडं पुसली की सहसा दिसतं पहिल्यासारखं. आतल्या सुजेत लाली बुबुळाभोवती कड्यासारखी गोळा होते, उजेडाकडे बघवत नाही आणि कितीही पुसलं तरी धुकं जात नाही. हे घरी आरशातही बघता येतं. आणि ज्या डोळ्यावर गेल्या काही दिवसांत शस्त्र चाललंय, तो ‘आलेला’ आहे असं डोळ्याच्या डॉक्टरने बघितल्याशिवाय कुणीही म्हणू नये, दुकानदाराने तर नाहीच.

३६ तास आधी: बुधवार, रात्री ९

सुनेने तोंडासमोर बोटं धरली. मोजता आली नाहीत. हात हलवला तेव्हा काहीतरी हलतंय हे आजींना कळलं.

डोळ्याचे डॉक्टर नजरेची उतरंड अशी लावतात: अक्षरं वाचणं, बोटं मोजणं, हात हललेला कळणं, नुसता उजेड कळणं, आणि मग काहीच नाही. १९९५ च्या त्या अभ्यासाने या उतरंडीवर एक रेघ मारून दिली. हात हललेला कळत असताना जे रुग्ण पोहोचले, त्यांच्यात डोळ्यातला द्रव तपासणीला काढून आत प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं आणि मोठी शस्त्रक्रिया करणं, दोन्हींचा निकाल सारखाच आला. साधं इंजेक्शन पुरेसं ठरलं. नुसता उजेड कळतोय अशा अवस्थेत जे आले, त्यांच्यात सगळा खराब द्रव यंत्राने काढून टाकणं, म्हणजे व्हिट्रेक्टमी, सरस ठरलं. ती केली तर तिघांतल्या एकाला ६/१२ पर्यंत नजर आली. न करता नुसतं इंजेक्शन दिलं तर नवांतल्या एकालाच. आणि व्हिट्रेक्टमी होऊनही पाचांतला एक डोळा जवळजवळ गेलाच.

म्हणजे बुधवारी रात्री नऊला आजी अजून रेघेच्या बऱ्या बाजूला होत्या. पुण्याचा रस्ता चार तासांचा. कार्डावर फोन नंबर होता. “आता रात्री कोण उचलणार? सकाळी बघू,” असं ठरलं. तमिळनाडूतून मुलगाही तेच म्हणाला. रात्री डॉक्टरला त्रास द्यायचा संकोच आपल्या लोकांत खोल रुजलेला आहे आणि तो चांगुलपणातून येतो, म्हणून त्याबद्दल मला या घराचा राग येत नाही. पण तो नंबर रात्री उचलला जातो, हे कुणीतरी त्यांना मंगळवारीच सांगायला हवं होतं.

२४ तास आधी: गुरुवार, सकाळी ९

पापणी सुजून डोळा मिटला होता. गावच्या डॉक्टरांनी पापणी उचलून बॅटरीने बघितलं आणि बुबुळाच्या मागे खालच्या बाजूला पिवळट पांढरी रेघ दिसताच हात मागे घेतला. “हे माझ्याकडचं काम नाही. तालुक्याला डोळ्याच्या मॅडमकडे आत्ता निघा, मी फोन करतो.” औषध दिलं नाही, पैसेही घेतले नाहीत. पूर्ण ९४ तासांत सर्वांत झटपट झालेला निर्णय हाच. जीप मिळून निघेपर्यंत अकरा वाजले.

२० तास आधी: गुरुवार, दुपारी १

मॅडमनी आजींना रांगेतून थेट आत घेतलं. पहिला प्रश्न: “आजी, मंगळवारी जेवढं दिसत होतं, तेवढं आज दिसतंय का?” मग डावा डोळा झाकून हात हलवला. काही नाही. टॉर्च लावला. “उजेड हाय.” कुठल्या बाजूने? वरून सांगता आलं, खालून नाही.

रेघ ओलांडली होती.

स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवायला सुनेने आजींचं डोकं मागून धरलं. प्रकाशाची उभी चीर बुबुळावरून सरकत गेली. पारदर्शक काच दुधाळ. तिच्यामागे पू तळाला साचलेला, वरची कड सरळ आडवी. मोजला तर २ मिलिमीटर. बाहुलीवर चिकट तंतूंचं जाळं, त्यात नवं भिंग अडकल्यासारखं दिसणारं. बाहुली नीट फुलत नाही. मग ऑप्थॅल्मोस्कोपचा झोत. निरोगी डोळ्यातून पडद्याची लालसर झळाळी परत येते. इथे नुसता मळकट राखाडी रंग. पडदा दिसत नाही म्हणून पापणीवर जेल लावून सोनोग्राफी. मागच्या पोकळीत, जिथे यंत्राच्या स्क्रीनवर काळं, स्वच्छ दिसायला हवं, तिथे ठिपक्यांचे आणि रेषांचे पुंजके हलत होते. पडदा अजून जागेवर होता.

आता खरा प्रश्न. ऑपरेशननंतर अशी तीव्र सूज जंतूंशिवायही येते. तिचं नाव टॉक्सिक अँटिरिअर सेगमेंट सिंड्रोम, तोंडी बोलण्यात टास. उपकरणांवर राहिलेला साबणाचा अंश, द्रवाची चुकीची आम्लता, नको तिथे गेलेलं एखादं रसायन, यांनी डोळ्याचा पुढचा भाग भाजून निघतो. टासलाही पू साचतो, काच दुधाळ होते. त्याला स्टेरॉइड हवं आणि बहुतेक डोळे सुधारतात. उलट, टास समजून संसर्गाला नुसतं स्टेरॉइड दिलं, तर जंतूंना मोकळं रान.

मॅडमनी मनाशी ताडून बघितलं. टास बहुधा पहिल्या बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उगवतो. आजींचा ठणका चाळिसाव्या तासाला सुरू झाला, म्हणजे वेळेवरून काही ठरत नाही. टासमध्ये काच कडेपासून कडेपर्यंत एकसारखी सुजते. इथे मध्ये जास्त, कडेला कमी. टासमध्ये वेदना सहसा बेताची, इथे ठणका. पापणीची एवढी सूज टासमध्ये सहसा नाही. आणि निर्णय करणारी गोष्ट सोनोग्राफीत होती: टास पुढच्या भागापुरता राहतो, इथे मागची पोकळी भरली होती. “जंतूच धरून चालायचं,” त्या सहायकाला म्हणाल्या. शंका असती तरी त्यांनी हेच म्हटलं असतं. कारण टासला चुकून प्रतिजैविक मिळालं तर डोळा सहसा वाचतो. संसर्गाला चुकून ते नाही मिळालं तर डोळा जातो. निदानात दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या नसतात, आणि चांगल्या डॉक्टरची पारख अनेकदा एवढ्यावरच ठरते.

पोटातून किंवा शिरेतून प्रतिजैविक का नाही, असं सुनेने विचारलं. रास्त प्रश्न. रक्त आणि डोळा यांच्यामधला अडसर औषधाला आत पुरेसं जाऊ देत नाही. त्या अमेरिकी अभ्यासात शिरेतल्या प्रतिजैविकांनी निकालात फरक पडलेला दिसला नाही. औषध सुईने डोळ्यातच जायला हवं. मॅडमकडे व्हिट्रेक्टमीचं यंत्र नव्हतं. त्यांनी पुण्याच्या रेटिना सर्जनला फोन केला आणि रुग्ण निघाल्याचं सांगितलं. दुसरा फोन ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाला. चिठ्ठीवर वेळा लिहिल्या: दुखणं कधी सुरू झालं, धुकं कधी, बोटं कधी दिसेनाशी झाली. या वेळा त्यांना नातीने सांगितल्या.

१४ तास आधी: गुरुवार, संध्याकाळी ७

पुणे. वाटेत घाटात ट्रक बंद पडल्याने दोन तास जास्त गेले. डोळ्याला अजून उजेड कळत होता, पण झोत कुठून येतोय हे सांगता येत नव्हतं. सर्जननी सुनेला बसवून स्पष्ट सांगितलं: नजर परत येण्याची आशा थोडी आहे, डोळा वाचवण्याची त्याहून जास्त, दोन्हींसाठी आत्ताच आत घ्यावं लागेल. मुलाशी फोनवर बोलणं झालं. संमतिपत्रावर अंगठा उठला.

११ तास आधी: गुरुवार, रात्री १०

व्हिट्रेक्टमी सुरू. यंत्राची बारीक कातर आत शिरण्याआधी सर्जननी मागच्या पोकळीतला थोडासा, अजून काही न मिसळलेला द्रव सिरिंजमध्ये ओढून घेतला. नमुना खालच्या प्रयोगशाळेत गेला: काचपट्टीवर रंगवायला थोडा, आणि जंतू वाढवायला ब्लड अगार, चॉकलेट अगार, बुरशीसाठी साबुरोड यांवर थेंब-थेंब. अशा नमुन्यांतून प्रत्येक वेळी जंतू उगवतात असं नाही; त्या अमेरिकी अभ्यासात सुमारे तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांत ठाम काही उगवलं नव्हतं. म्हणून उपचार अहवालासाठी थांबत नाही.

पू काढता काढता पडदा दिसू लागला, आणि सर्जन काही क्षण थांबले. रक्तवाहिन्या पांढऱ्या दोऱ्यांसारख्या, जागोजाग रक्तस्राव, मधला भाग फिकट. शेवटी दोन सिरिंज: व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटर द्रवात. दोन्ही एका सिरिंजमध्ये भरत नाहीत. एकत्र आली की साका धरतो. पहिलं एका प्रकारच्या जंतूंसाठी, दुसरं दुसऱ्या. कोणता आहे हे अजून कळलेलं नसतं.

साडेअकराला प्रयोगशाळेचा फोन आला. ग्रॅम-निगेटिव्ह, दांड्यांच्या आकाराचे जंतू. पापणीवर राहणारे जंतू सहसा या जातीचे नसतात. हे पाण्यात, द्रावणांत, ओलसर नळ्यांत वाढतात. सर्जननी ओळखलं की प्रश्न एका डोळ्यापुरता नसावा, आणि मध्यरात्रीच आधीच्या रुग्णालयाच्या प्रमुखांना उठवलं. तिथे ऑपरेशनची खोली सील करायचा आदेश निघाला. सोमवारी वापरलेल्या द्रावणाच्या उरलेल्या बाटल्या त्यांच्या बॅच नंबरासह बाजूला काढल्या. यादी काढली. आजी धरून बारा नावं.

पहाटे साडेपाचपासून परिचारिकांनी अकरा घरी फोन लावले.

शून्य: शुक्रवार, सकाळी ९

पट्टी सोडली. खोलीचा दिवा बंद. सर्जननी डावा डोळा स्वतःच्या तळव्याने घट्ट झाकला, कडेने उजेड जाऊ नये म्हणून. टॉर्च लावला. “आजी, उजेड आहे?” आजी थांबल्या. विझवला. पुन्हा लावला. आणखी दोनदा, टॉर्च बदलून. आजींनी अंदाजाने ‘हाय’ म्हटलं, तेव्हा टॉर्च बंद होता.

केसपेपरवर नोंद झाली: उजवा डोळा, प्रकाशाची जाणीव नाही. डोळा दुखत राहिला तर पुढे आतला भाग काढून टाकावा लागेल, हे सुनेला दुपारी सांगितलं जाणार होतं. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. तो करून घ्यायला आजी आता सहजासहजी तयार होणार नाहीत, आणि या रोगाचं हे नुकसान कुठल्याच अभ्यासात मोजलं जात नाही. एका माणसाचा अनुभव ऐकून वाडीतली आणखी पाच-सहा माणसं मोतीबिंदूसकट आंधळी राहतात.

शून्यानंतर २ तास: शुक्रवार, सकाळी ११

अकरांपैकी नऊ जण ठीक होते. तरी त्यांनाही दिवसभरात तपासायला बोलावलं. एक जण फोन उचलत नव्हता, त्याच्या गावच्या आशाताईंना घरी पाठवलं. अकरावा, एक शेतकरी, फोनवर म्हणाला होता, “काही नाही ओ, काल रात्रीपास्नं जरा खुपतंय. ऑपरेशन झालंय, खुपणारच.” परिचारिकेने त्याचं बोलणं तिथे संपू दिलं नाही. दुसरा डोळा झाकायला लावला आणि समोरच्या ट्रॅक्टरवरचा नंबर वाचायला सांगितला. बुधवारी वाचता येत होता, आज अर्धाच. “जेवायला थांबू नका. आहे त्या कपड्यांत निघा.”

अकराला तो पुण्यात स्लिट लॅम्पसमोर होता. नजर ६/३६. पू जेमतेम अर्धा मिलिमीटर, पडद्याची झळाळी मंद पण शिल्लक. व्हिट्रेक्टमीची गरज नव्हती. द्रवाचा नमुना काढून दोन्ही इंजेक्शनं अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दिली गेली. त्याला पहिल्यांदा खुपलं होतं आदल्या रात्री आठला.